चौथा पंप

पहिला पंप गेला तेव्हा मी दगडाला शिव्या घातल्या.
ओरुपेंबेच्या अलीकडे, कोरड्या नदीच्या पात्रात
आमची लसीकरणाची उंच गाडी
एका धोंड्याला गाल घासून थांबली
आणि स्टिअरिंग एकदम
भिजल्या घोंगडीसारखं जड.
दोन्ही हातांनी, मग खांद्यानं, मग गुडघा लावून
नव्वद किलोमीटर.
मागे गार पेटीत चारशे डोस,
शेजारी नर्स मुहेंजे, दर वळणाला सांगायची:
'पाच अंश. सावकाश.'
पुढच्या वळणाला: 'सहा.'

दुसरा विंडहोकहून बसनं आला,
कोंबड्यांच्या खुराड्यावर, दोरीनं बांधून.
सात आठवडे टिकला.
जाण्याआधी कण्हायचा.
सकाळी गार इंजिनात, पिल्लासारखा,
मग घाट चढताना मोठ्यानं.
मी रेडिओचा आवाज वाढवला.
(हे चौकशीत सांगितलं नव्हतं.)

तिसरा नवाकोरा, सीलबंद.
एकोणीस दिवस.
कचेरीतून विचारणा आली,
चालक वाहन नीट हाकतो काय?
मी तळवे पाहिले.
अंगठ्यांच्या मुळाशी घट्टे, त्यांत रबराची काळी रेघ.
सहीऐवजी तेच पाठवावे असं वाटलं.

कारण तर गावात सगळ्यांनाच माहीत होतं.
पोलीस म्हणाला, चाकं मोठी घातलीत.
पेट्रोलवाला म्हणाला, तेल हलकं.
मेहुणा म्हणाला, विका.
आत्या म्हणाली, त्या पात्राकाठी जुनं थडगं आहे,
खडा ठेवल्याशिवाय जाऊ नये.
मी तेल बदललं. खडाही ठेवला.
खोटं कशाला बोलू?

चौथा पंप वेतारुहेच्या पत्र्याखाली
गोणपाटावर पडला होता.
त्यानं पाना उचलला,
आणि त्याची भाची उएरिपाका,
शाळा सुटली की नटबोल्ट धुवायला बसणारी,
म्हणाली, 'मामा, जुनं तेल सांडू नकोस.'
वाटीत धरलं. उन्हात नेलं.
तेल चमकत होतं, मासळीच्या पोटासारखं.
तिनं फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणून बुडवलं.
वर काढलं तर त्याला मिशा फुटलेल्या.

आम्ही तिघं गप्प.
एक शेळी येऊन वाटी हुंगून गेली.

पहिल्याचा चुरा.
नळ्यांत होता, तेल थंड करायच्या वेटोळ्यात होता.
टाकीच्या तळाशी एक जाळी निघाली,
बारा वर्षं मी ही गाडी चालवतो,
जाळी आहे हे मला ठाऊक नव्हतं,
तिच्यावर राखाडी खरवड.
पहिल्याला दगडानं मारलं असेल.
दुसऱ्याला पहिल्यानं खाल्लं,
तिसऱ्याला दोघांनी मिळून.
आम्ही दर वेळी नवं बसवत होतो
आणि हिशेब मागील पानावरून पुढे.

दोन दिवस धुतलं.
पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद,
मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय
आणि ती खाली आडवी पडून ओरडतेय, 'अजून राखाडी!'
पुन्हा. 'अजून.'
माझे हात त्या नव्वद किलोमीटरपेक्षा जास्त दुखले.
मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.
वाकून बघितलं तर
बोटावरचा लाल थेंब
उजेडात धरून बसली होती.

चौथा चालतोय. पावसाळा सरला, चालतोय.
रेडिओ आता बंद असतो.
मुहेंजे विचारते, 'कसला कान देतोस?'
मी म्हणतो, 'कसला नाही.'

कचेरीचा छापील फॉर्म आला होता.
बिघाडाचे कारण: पुढे एकच ओळ मोकळी.
मी लिहिलं, आधीचा बिघाड.
तो परत आला.
वर लाल शाईत: सविस्तर लिहावे.